कापसाच्या खोलीतलं लिनक्स

म्हसावदला आमच्या घरी भाव वाढेपर्यंत कापूस मधल्या खोलीत भरून ठेवतात. माझा जुना कॉम्प्युटरही त्याच खोलीत. लिनक्स शिकायचं म्हणून मी त्यातल्या विंडोजमध्येच एक व्हर्च्युअल मशीन तयार केलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. ते सुरू व्हायचं, थोडं चालायचं आणि अडकून बसायचं. मी त्याची मेमरी कमी केली, नंतर हलकं लिनक्स टाकून पाहिलं. फरक शून्य. पुण्याचा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तो डबा फेकी दे, नवा लई ले." माझं डोकं तापलं. रागाने कॅबिनेटवर हात आपटला, तर तेही तापलेलं.

झाकण उघडलं. पंख्याला कापसाचे तंतू असे गुंडाळले होते की तो जेमतेम फिरत होता. दोन कॉम्प्युटरचं ओझं आलं की बिचारा प्रोसेसर तापून थकायचा. केसांच्या चिमट्याने मी सगळे तंतू ओढून काढले. मग लिनक्स दुपारभर चाललं, कुठे अडकलं नाही.

संध्याकाळी भावाने विचारलं, कोणता नवा घेतेस? मी सांगितलं, नवा कशाला, मला कापूस वेचता येतो.