शॉकपचा चिमटा

सायकलचं पुढचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं त्याला आमच्याकडे चिमटा म्हणतात. त्या दांड्यांत स्प्रिंगा घातल्या की तो झाला शॉकपचा चिमटा. वडिलांच्या सायकलला तसला होता. तो बिघडला तेव्हा दुरुस्त करायचा की नवा टाकायचा, एवढाच साधा प्रश्न होता. पोरांना रोज खरं बोलायला शिकवून पगार घेणाऱ्या मला त्याचं सरळ उत्तर देता आलं नाही.

आम्ही ढिवर. मूल या बाजाराच्या गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर, तलावाच्या काठी आमचं घर. वडील पहाटे मासोळी धरायचे आणि सायकलला टोपली बांधून पाच-सहा गावं फिरून विकायचे. हिवाळ्यात मासोळीच्या जोडीला शिंगाडे. एका पावसाळ्यात ते तलावाच्या पाळीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. गावातल्या हाड बसवणाऱ्यानं ते बसवलं, पण वाकडं. त्यानंतर गिट्टीच्या रस्त्यावर दणका बसला की हातातून हँडल सुटायचं. दोनदा पडले. घरी सांगताना सायकलच खराब आहे म्हणाले.

मी तेव्हा ऊर्जानगरला खोली करून राहत होते आणि शाळेत शिकवत होते. शेजारच्या क्वार्टरमधला मुलगा इंजिनिअरिंगला गेला आणि त्याची शॉकपवाली सायकल व्हरांड्यात धूळ खात पडली. ती मी मागून घेतली, बसच्या टपावर चढवली आणि मूलला उतरवली. वडील आधी हसले. ही पोट्ट्यायची गाडी, हिच्यावर मासोळी शोभत नाही म्हणाले. मग गिट्टीवरून एक चक्कर मारून आले आणि गुपचूप जुन्या सायकलची टोपली सोडून नव्या सायकलला बांधायला बसले. गावातले लोक त्यांना चिडवायचे, की भाऊ आता कॉलेजात जाऊन राह्यले. त्यांना ते फार आवडायचं.

दोन वर्षं मजेत गेली. तिसऱ्या हिवाळ्यात शॉकप अडकला. कारण वडीलच होते. मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल आमच्याकडे अंगाला लावतात, दिव्यात घालतात, बैलबंडीच्या आखालाही देतात. मग शॉकपला का नाही, असं त्यांना वाटलं आणि ते आठ-पंधरा दिवसांनी त्यात थोडं थोडं ओतत राहिले. हे तेल थंडीत थिजतं हे काय त्यांना माहीत नव्हतं? घरच्या बाटलीत दर पौषात ते थिजलेलं दिसायचंच. पण बाटलीतलं थिजतं ते शॉकपातही थिजेल, हे डोक्यात आलं नाही. आपल्या वस्तूवर माया केली की ती चांगली राहते, एवढंच त्यांना कळत होतं.

नाताळच्या सुट्टीत मी घरी गेले तर त्यांना अंगण ओलांडतानाही दम लागत होता. ओढून मूलच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, हृदय थकलं आहे म्हणाले, आणि सायकल व ओझं दोन्ही बंद करायला सांगितलं. वडिलांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं की शॉकप कधी दुरुस्त होईल. मला इतका राग आला की परतीच्या गाडीत मी त्यांच्यापासून लांबच्या बाकावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच सायकल घेऊन मूलच्या उस्तादांकडे गेले. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं, आणि वडिलांच्या जुन्या सायकलीपासूनची सगळी दुरुस्ती त्यांच्याच हातची. त्यांनी चिमटा खोलला. आत तुपासारखा पांढरा गोळा. ते हसायला लागले. रॉकेलनं धुऊन, ग्रीस भरून, एक फाटलेला वायसर बदलला की दोन वर्षं बघायला नको म्हणाले. नवा टाकायचा तर नागपूरहून आणावा लागेल, पण त्याची काही गरज नाही, स्प्रिंगा चांगल्या आहेत.

तिथेच माझं डोकं चाललं. मी म्हटलं, चाचा, बाबांना सांगा की हा कामातून गेला आणि असला चिमटा आता येत नाही. त्यांच्या छातीचं सगळं सांगितलं. उस्तादांनी पाना खाली ठेवला. तीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाईकाला चांगली वस्तू खराब म्हणून सांगितली नव्हती. बराच वेळ ते हात पुसत राहिले.

"बाई, झूट तुम्ही बोला," ते म्हणाले. "मी चूप राहीन."

मी बोलले. चिमटा तसाच परत बसवून सायकल घरी आणली आणि संध्याकाळी वडिलांना सांगितलं की चिमटा गेला, दुरुस्त होत नाही, नवा मिळत नाही. आणि जुनी सायकल तर आम्ही केव्हाच देऊन टाकली होती. त्यांनी एकदाच विचारलं, उस्तादही हेच म्हणाला का. मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मंग राहू दे." त्या रात्री मला गाढ झोप लागली. आपण बापाला वाचवलं असं मला खरोखर वाटत होतं, आणि आपल्या हुशारीचं कौतुकही वाटत होतं. ते आठवलं की आज अंगावर काटा येतो.

महाशिवरात्रीला शाळेला सुट्टी होती. मी घरी निघाले. मूलहून पुढची गाडी मार्कंड्याच्या जत्रेच्या लोकांनी खचाखच भरली होती. आमच्या गावाच्या फाट्याच्या बऱ्याच अलीकडे रस्त्याच्या कडेनं एक माणूस खांद्यावर कावड घेऊन चालला होता. दोन्ही टोपल्यांत उपासाचे वाळवलेले शिंगाडे. डावा हात कावडीवर, उजवा पोटाशी धरलेला. ते मनगट मी कुठंही ओळखलं असतं.

मी गाडी थांबवून उतरले आणि भर रस्त्यात त्यांच्यावर ओरडले. ते कावड खाली ठेवून धापा टाकत उभे राहिले. नाताळनंतर ते आठवड्यातून चार दिवस असे पायी फिरत होते. मला कळवायचं नाही म्हणून आईला शपथ घातली होती. माझं ओरडणं थांबलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, मी बसून राह्यलो तर दिवसभर कोनाशी बोलू?"

मी त्यांना घरात बसवायला निघाले होते आणि त्यांना पायी चालायला लावलं होतं. सायकलवर जितका ताण पडला असता त्याच्या दुप्पट मी त्यांच्या छातीवर टाकला होता. तिथेच, त्या रस्त्यावर, मी खरं सांगायला हवं होतं. जीभ उचललीही होती. पण तेवढ्यात तेच बोलले.

"नागपूरले इचारजो बरं. येवढं मोठं शहर, एखादा चिमटा भेटन."

आणि मी म्हटलं, विचारते. केवढी सोय झाली माझी! खोटं बोलले हे कबूल न करता खोटं मिटवता येणार होतं. घरी पोचल्यावर कावड उचलायची नाही असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आणि ऊर्जानगरला परतले. लगेच चिमटा नीट करून दिला तर संशय येईल, नागपूरला जाऊन यायला जरा दिवस लागलेले दिसले पाहिजेत, म्हणून मी थांबले. मग वार्षिक परीक्षा आल्या, पेपर तपासणं आलं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही कारण नाही.

चैत्रात त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली. जो हात चांगला होता तोच गेला आणि वाकडा तेवढा उरला. मी त्यांना बघितलं आणि तशीच सायकल घेऊन उस्तादांकडे गेले. त्यांनी एक तासात काम केलं. एक तास. मी तिथेच स्टुलावर बसून होते. 

सायकल खाटेजवळ उभी केली. वडिलांनी वाकडा हात हँडलवर ठेवला आणि दाबला. चिमटा खाली बसला, वर आला. पुन्हा दाबला. लहान मुलासारखे ते कितीतरी वेळ दाबत राहिले. मग आईकडे बघून तुटक तुटक म्हणाले, "पोरीनं नागपूरहून आनला."

नवा चिमटा आणि जुना चिमटा यांतला फरक त्यांना कळला नसेल, असं मला वाटत नाही. पण डोळ्यांत इतका आनंद होता की मी नाही म्हटलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सायकल दाखवायचे. मग मला जवळ बोलावून म्हणायचे, कसा शोधला ते सांग. मी सांगायचे. पहिल्या दुकानात नव्हता, दुसऱ्यात होता पण लहान पडत होता, तिसऱ्यानं चौथ्याकडे पाठवलं. आषाढात ते गेले. तोवर रोज त्यांना हीच गोष्ट हवी असायची, आणि मी दर वेळी त्यात एक दुकान वाढवत गेले.