सांगळे सुभेदारांचा सल्ला

खोली बघायला गेले तेव्हा घरमालक भिंतीला हात लावून उभे होते. देवळाली गावातली अरुंद गल्ली, ब्याण्णवचा एप्रिल, आणि ओट्यावर एक उंच, सडसडीत, पन्नाशीतले गृहस्थ उजवा तळवा भिंतीला सपाट टेकवून उभे. मी दोनदा हाक मारली, त्यांना ऐकू गेली नाही. पायरीवर माझी सावली पडली तेव्हा कुठे त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "थांबा बाई, अजून एक यायचाय." मग डोंगराच्या बाजूला तोफेचा आवाज झाला, खिडकीची तावदानं थरथरली, आणि त्यांनी समाधानाने हात काढून घेतला. लष्करी कॅम्पाकडे सराव सुरू झाला की आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं. सुभेदार सांगळ्यांना मात्र भिंतीतून कळायचं, कारण त्यांचे दोन्ही कान तोफखान्याने ठेवून घेतले होते.

मी शाळेत मराठी शिकवत असे. आता निवृत्त झाले आहे आणि खरं सांगायचं तर कुणाबद्दल काही सांगायचाही कंटाळा येतो. पण सुभेदारांचं मनातून जात नाही.

बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. सुभेदार बायकोच्या कानाशी लागून काही सांगायचे ते गल्लीच्या टोकाला किराणा दुकानात ऐकू जायचं. मी राहायला आले त्याच दिवशी त्यांनी हिराकाकूंना गुपचूप सांगितलं, "बाई बऱ्या दिसत्यात, पण लय बारीक हायेत. दुखणंबिखणं नाय ना काही?" समोरच्या घरातून लगेच कुणीतरी हसलं. खरंखुरं गुपित सांगायचं असेल तर त्यांना वालदेवी नदीच्या काठापर्यंत चालत जावं लागे. तिथे गाढवं आणि बगळे सोडले तर ऐकायला कुणी नसे. हिराकाकूंना मात्र त्यांच्याशी ओरडावं लागत नसे. त्या त्यांच्या कोपराला हात लावायच्या, ते वळायचे, आणि काकूंच्या ओठांकडे बघून त्यांना सगळं समजायचं.

सुभेदारांकडे माणसं यायची ती सल्ल्यासाठी. सिन्नर, निफाड, लासलगाव, कुठून कुठून आया आपापली पोरं घेऊन यायच्या. पोरगा फौजेत जायचं म्हणतोय, तर कशात घालावा? सुभेदार आधी पोराचे पाय ओले करायला लावून शहाबादी फरशीवर उमटवून बघत. तळवा अख्खा सपाट उमटला की पुढचं बोलणं खुंटलं, कारण सपाट पायाच्या पोराला फौज घेत नाही. नाही उमटला तर मग एकेका दलाची हजेरी घ्यायचे. "रनगाडा म्हंजे लोणच्याची बरणी. उन्हात मुरत बसायचं." "इमानदळात उडनारे चार, बाकी समदे पुसनारे." नौदलाचं नाव निघालं की पोराला विचारायचे, "इहिरीत सूर मारतो का? नाय ना? मंग कशाला समिंदराच्या नादी लागतो?" आणि पायदळ म्हटलं की खुर्चीत जरा मागे रेलून सांगायचे, "पायदळवाल्याचे पाय आन् तोफवाल्याचे कान, सरकार परत देत नाय."

त्या बायांना खरं विचारायचं असायचं ते वेगळंच. ते तोंडाने कुणी विचारत नसे, कारण शेजारी पोरगा छाती काढून उभा असे. सुभेदारांना ते ओठ न हलवताही कळायचं. ते आईकडे बघून म्हणायचे, "तोफखान्यात घाला. तोफ मागं असती." आणि बाईचा चेहरा सैल पडायचा. आमच्या भागात हे सगळ्यांना पटायचंच. तोफा डोंगराच्या अलीकडून उडतात आणि गोळे पलीकडे पडतात, हे आम्ही रोज ऐकत होतो. तोफवाला म्हणजे लांबचा माणूस, अशी सगळ्यांची समजूत होती.

त्यांना एकुलता एक मुलगा, नितीन. नववीत माझ्याच वर्गात होता. निबंधात शुद्धलेखनाच्या चुका रग्गड करायचा, पण धावायला लागला की बघत राहावं. त्याला आणि त्याच्या कैलास नावाच्या मित्राला पायदळात जायचं होतं. बारावी झाल्यावर त्याने घरी तसं सांगितलं, आणि मग पंधरा-वीस दिवस गल्लीला करमणूक झाली. या घरात बापाशी हळू आवाजात उद्धटपणा करायची सोयच नव्हती. नितीनला जे काही उलटून बोलायचं ते ओरडून बोलावं लागे.

"मला तोफेमागं कान झाकून बसायचं नाय!" तो ओरडायचा.

"कान झाकले असते तर आज तुझं ऐकू आलं असतं!" सुभेदार त्याच्याहून मोठ्याने.

एकदा मी भाडं द्यायला गेले तर तिघंही स्वयंपाकघरात उभी होती. हिराकाकू नवऱ्यासमोर उभ्या राहून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून काहीतरी परत परत सांगत होत्या. मला अर्धंच कळलं. "एकच हाय," असं काहीसं होतं. सुभेदारांनी मान हलवली आणि त्या दिवशी विषय संपला.

फौजीच्या मुलाला बापाच्या दलात वेगळी भरती असते. बापाने नोकरी केलेली असते, म्हणून पोराला आधी आत घेतात. सुभेदारांनी आपला हा हक्क वापरला. जुन्या ओळखीच्या साहेबांना भेटून, पोराला तोफेवरच ठेवा, असंही सांगून आले. कैलास पायदळात गेला आणि नितीन तोफखान्यात. पेढे वाटताना सुभेदार म्हणाले, "आपली पलटण ती आपली." नितीन हसला नाही, पण पेढे त्यानेच फिरवले.

प्रशिक्षण संपून तो वर उत्तरेला रेजिमेंटमध्ये गेला. फोन तेव्हा आमच्या गल्लीत फक्त माझ्याकडे होता. त्यामुळे रविवारी त्याचा फोन आला की हिराकाकू बोलायच्या आणि सुभेदार शेजारी उभे राहून माझ्याकडे बघायचे. काकू ऐकलेलं एकेक सांगायच्या, पण त्यांचं तोंड रिसीव्हरमागे, म्हणून मी त्यांच्यासाठी मोठ्याने पुन्हा सांगायचं. एका रविवारी नितीन म्हणाला, "मी ऑपरेटर झालोय. वायरलेसवर. हेडक्वार्टरात बसतो, मजेत हाय." काकूंना आनंद झाला. मी सुभेदारांच्या कानाशी ओरडले, "ऑपरेटर झालाय, काका! हेडक्वार्टरला!"

त्यांनी माझ्याकडून ते पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. काकूंनी त्यांच्या कोपराला हात लावून विचारलं, "हापिसातलं काम ना हो?"

"हा, हापिसातलंच," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी मला फाटकाशी गाठलं. "बाई, वालदेवीपतुर येता का जरा?" आम्ही गेलो. काठावर उभं राहून त्यांनी मला तोफ म्हणजे काय ते सांगितलं. "तोफ आंधळी असती, बाई. डोंगराच्या मागनं डागायची. गोळा पडला कुठं हे कोन सांगनार? त्यासाठी एक साहेब पुढं पायदळाबरोबर चढतो. आन् त्या साहेबाच्या जोडीला वायरलेसवाला. पायदळ जिथं जाईल तिथं हे दोघं. नव्या पोराला हेडक्वार्टरात कोन बसवतो? आन् मी तोफेवर ठेवा म्हनून सांगून आलेलो. म्हंजे त्यानं सोताहून मागून घेतलंय. बेट्यानं पायदळ गाठलंच."

त्यांना राग आला होता की अभिमान वाटला होता, मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही. मला मात्र त्यांची दया आली आणि भीती वाटली. परत येताना ते एवढंच म्हणाले, "हिराला कळता कामा नये. तिला वाटतंय मी वाचवला." त्यानंतरही आया येत राहिल्या आणि ते 'तोफ मागं असती' हेच सांगत राहिले, फक्त जरा हळू. त्यांचं हळू म्हणजे किराणा दुकानाऐवजी पिठाच्या गिरणीपर्यंत.

मधे नितीन एकदा सुट्टीवर येऊन गेला. रापला होता, खांदे रुंद झाले होते. बापलेक ओट्यावर शेजारी शेजारी बसायचे आणि वायरलेसचा विषय दोघंही काढत नसत.

मग नव्याण्णवचा उन्हाळा आला. वर बर्फाच्या डोंगरांत लढाई पेटली. सुभेदार टीव्हीसमोरून उठेनात. त्यांना आवाजाची गरज नव्हती, तोफेचा दणका चित्रातच दिसत होता. तोफा दाखवल्या की हिराकाकू म्हणायच्या, "बघा, किती लांबून उडवत्यात." सुभेदार मान डोलवायचे. त्यांचे डोळे मात्र त्या चित्रात वरच्या बाजूला, कड्यांकडे असायचे.

एके दिवशी भर दुपारी कॅम्पातून दोन गणवेशातली माणसं आली. सुभेदार ओट्यावरच होते. ती दोघं फाटकातून आत येईपर्यंत ते उठून सावधान उभे राहिले होते. आलेल्यांपैकी थोरला बोलायला लागला, तेव्हा त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि म्हणाले, "तिला मी सांगतो."

पुढचं सगळं तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलंच असेल. फुलांची गाडी, घोषणा, पुढारी, फोटो. देवळाली गावात एवढा आवाज कधी झाला नसेल, आणि सुभेदारांपर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. त्या दिवशी मला त्यांच्या कानांचा हेवा वाटला.

दहाव्याला नात्यातल्या कुणा बाईने सरळच विचारलं, "तोफखान्यात होता ना पोरगा? मंग डोंगरावर कसा गेला?" काकूंनी मान खाली घातली. सुभेदारांनी त्या बाईचे ओठ वाचले होते. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "माझं चुकलं. मीच घातला त्याला." काकू उठून आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याशी बोलणं टाकलं.

बहिऱ्या माणसाशी अबोला धरणं फार सोपं असतं. नुसतं तोंड त्याच्याकडे करायचं नाही, एवढंच. काकू ताट वाढून पाठ फिरवायच्या. काही निरोप असला तर मला सांगायच्या, "गॅस संपलाय म्हनावं," आणि मी जाऊन ओरडायचं. मला वैताग यायचा. पुन्हा वालदेवीवर गेलो तेव्हा मी त्यांना म्हटलंही, "काका, पोराने स्वतः मागून घेतलं होतं हे काकूंना सांगा ना. उगाच तुमच्यावर राग."

"आता सांगून काय? ती म्हनंल पोरगं आपनहून गेलं, आईचा इचार नाय केला. मेलेल्या पोरावर राग धरंल. त्यापरीस माझ्यावर धरू दे. मी हाय ना अजून."

कैलास सुट्टीवर आला तो आठ दिवस या गल्लीतून गेलाच नाही, मागच्या रस्त्याने फिरायचा. शेवटी आला आणि दारातच रडायला लागला. सुभेदारांनी त्याला खुर्चीत बसवलं.

"तुझी पलटण कुठं होती?"

"दक्षिणेला, काका. दारूगोळ्याच्या डेपोवर पहारा देत होतो. आम्हाला हलवलंच नाय." पायदळवाल्या पोराने हे खाली मान घालून सांगितलं.

"बरं झालं," सुभेदार म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. काकूंनी आतून चहा आणून ठेवला आणि कैलासच्या डोक्यावरून हात फिरवला.

सल्ल्याला आया येतच होत्या. आता तर जास्तच, कारण घरात हार घातलेला फोटो होता. पण सुभेदार आता आईकडे बघतच नसत. पोराला विचारायचे, "तुला कुठं जायचंय?" आई मधे बोलायला लागली तर म्हणायचे, "मागं असं काय नसतं, बाई. त्याचं त्याला बोलू द्या." हे उत्तर घ्यायला कुणी लासलगावहून येत नाही. हळूहळू ओटा रिकामा झाला, आणि त्यांनाही ते बरंच वाटत असावं. ते थकले होते.

असंच वर्षामागून वर्ष गेलं. एका हिवाळ्यातल्या दुपारी सुभेदार जेवून खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. काकूंनी चहा आणून ठेवला, तो निवला, तेव्हा त्यांनी कोपराला हात लावून पाहिला.

तेरावा झाल्यावर काकू माझ्या दाराशी येऊन बसल्या. मी मेथी निवडत होते, त्यांनीही जुडी ओढून घेतली. अर्धी जुडी निवडून झाली.

"बाई, नित्यानं मला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "सुट्टीवर आला तवा. म्हनला, आई, मी हापिसात नाय, साहेबाबरोबर पुढं जातो. मीच मागून घेतलंय. बाबांना सांगू नको, ते जाऊन साहेबाला भेटत्याल आन् मला परत तोफेवर आनत्याल. मी त्याला हात जोडले, पर त्याला किती आनंद झाला होता, बाई. मंग म्हनलं, जा."

"आणि नंतर? काकांना नंतर तरी..."

"कसं सांगू? यांना वाटत होतं पोरानं त्यांचं ऐकलं. तेवढंच तर राहिलं होतं यांच्याकडं. बोलायला गेले असते तर माझ्या तोंडातनं निघालं असतं. हे माझे ओठ वाचायचे ना. म्हनून तोंडच दाखवलं नाय."

सांगावं की नाही, याचा मी फार विचार केला नाही. मीही दमले होते. म्हटलं, "काकू, काकांना माहीत होतं. पहिल्या फोनपासून. तुम्हाला कळू नये म्हणून त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं."

काकूंच्या हातातली काडी तशीच राहिली. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण मी त्यांना दिसत नसावे.

"मंग इतकी वर्षं," त्या म्हणाल्या, "एका घरात आम्ही दोघं काय करत होतो हो, बाई?"