नकाराचं घर

दाराच्या फटीतून मेणबत्त्यांचा उजेड आत आला होता. मेक्सिकोतल्या त्या जुन्या डोंगरी गावात मी डिसेंबरची सुट्टी घालवत होतो. नाताळाआधी तिथे संध्याकाळी माणसं, येशूच्या जन्माआधी आसरा शोधत फिरलेल्या मेरी-जोसेफच्या आठवणीने, दारोदार गात आसरा मागतात. शेवटचं घर दार उघडतं. आधीच्यांनी गाण्यातूनच नकार द्यायचा.

आमच्या घरमालकीणबाईंचं घर पिढ्यान्‌पिढ्या नकाराचं. त्यांच्यासोबत दाराआडून मीही गायलो, ‘जागा नाही, पुढे व्हा.’ त्यांच्याच पाहुण्यांच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात होती.

“वाईट नाही वाटत?” मी विचारलं.

“आम्ही हो म्हटलं तर गाणं इथेच संपेल,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी शाल घेतली, घराला कुलूप लावलं, आणि आम्ही दोघं आसरा मागणाऱ्यांच्या मागे जाऊन उभे राहिलो.