पायाचं माप

बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायची सिस्टरना सवय होती. तुम्ही भाजीवाल्याशी घासाघीस करत असा, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगला बसलेल्या असा. त्या आल्या की तीन बोटं तुमच्या नाडीवर, आणि गप्पा भलत्याच विषयावर. तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून काढली, त्यातली निम्मी घाटंजीला. निवृत्त झाल्यावर यवतमाळला आमच्या शेजारचं घर भाड्याने घेतलं. लग्न केलं नव्हतं. सगळ्या कॉलनीच्या त्या सिस्टरच. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून मी त्यांची 'मास्तरीण'.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल, जिच्यापुढे खोटं बोलायची सोय नसते. माझ्या सासूबाई शेवटच्या आजारात होत्या आणि डॉक्टर नुसतं 'बघू, बघू' करत होते, तेव्हा सिस्टरनी मला व्हरांड्यात नेलं. "दोन दिवस आहेत. तुह्या नणदेले बोलावून घे." पुसदची नणंद वेळेत पोचली, आईशी बोलली. पुढे कधीतरी मी विचारलं, असं तोंडावर सांगताना तुम्हाला काही वाटत नाही का? म्हणाल्या, "वाटते ना. पण माणूस तिचं. आपण कोण लपवणारे?"

मागच्या हिवाळ्यात आम्ही एकोणीस जण थायलंडला गेलो. सिस्टर सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसल्या, ते एका कामासाठी. त्यांचा धाकटा भाऊ केळापूरला असायचा. जुनी शुगर, पाय सुजलेले, डाव्या पायाचं एक बोट काढलेलं. जवळच्या पांढरकवड्यात त्याला मापाची चप्पल मिळत नव्हती. सिस्टरनी त्याला वर्तमानपत्रावर उभं करून पेन्सिलने दोन्ही पाय काढून आणले होते. कागद पासपोर्टच्या पाकिटात, पासपोर्टच्याही वर. एअरपोर्टवर अधिकाऱ्यापुढे आधी भावाचे पाय यायचे, मग सिस्टर.

शेवटच्या दिवसांत व्हायचं ते सगळं झालं. एका निवृत्त तलाठीसाहेबांची कवळी हॉटेलच्या ग्लासात राहिली आणि बस चाळीस मिनिटं मागे वळवावी लागली. शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी फुटून माझ्या सगळ्या ओढण्या तिखट झाल्या. आणि बोटीत फोटो काढताना सिस्टरचा फोन समुद्रात गेला. संध्याकाळी सात वाजता भावाला फोन करून शुगर विचारायचा त्यांचा नेम होता. तो त्या दिवसापासून माझ्या फोनवरून सुरू झाला.

म्हणूनच सोमवारी नाश्त्याच्या वेळी त्यांच्या भाच्याचा फोन मला आला. भावाचा मुलगा; सिस्टर त्याला नुसतं भाचा म्हणत, म्हणून आम्हीही.

"मॅडम, बाबा गेले. पहाटे. झोपेतच. आत्याले सांगू नका. तिकडे एकटी, बीपी आहे. घरी आली की आम्ही सांगतो."

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. लांबच्या माणसाला 'तब्येत जरा जास्त आहे' एवढंच सांगायचं, खरं काय ते उंबऱ्यावर.

मी आधी टूर मॅनेजरला गाठलं. त्याने चार ठिकाणी फोन केले. आमची तिकिटं बुधवारची, ग्रुपची. नवं काढलं तरी त्या मंगळवारी संध्याकाळी नागपूरला पोचणार होत्या, आणि केळापूरला सोमवारी दुपारी बारालाच नेणार होते. थांबता येईल का, म्हणून भाच्याला पुन्हा विचारलं. पाहुणे जमले होते, गावात बर्फाची सोय नव्हती. म्हणजे सांगूनही त्या पोचणार नव्हत्या. मी गप्प राहायचं ठरवलं.

मॅनेजरला बोलले म्हणजे बसला बोलले, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. सहा दिवस खिडकीसाठी भांडणाऱ्या बाई उठून सिस्टरना जागा देऊ लागल्या. तलाठीसाहेबांनी त्यांची बॅग उचलली. सिस्टर माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "हे सगळे एवढे गोड काहून वागून राह्यले वं?" मी म्हटलं, शेवटचे दिवस आहेत ना.

जेवणानंतर त्यांनी मला चपलांच्या दुकानांत फिरवलं. तिसऱ्या दुकानात हवी तशी मिळाली, रुंद, मऊ तळव्याची, वर पट्टा सैल होणारा. सिस्टरनी कागद फरशीवर पसरला. विकणारी मुलगी तो बघायला पुढे आली तर तिला हाताने मागे सारलं. "पाय नको ठेवू वं त्याच्यावर."

कागदावर चप्पल ठेवून पाहिली, समाधान होईना. "मास्तरीण, तुहा पाय त्याच्याएवढाच हाय. तू घाल."

मी घातली.

"चालून दाखव. दाबते काय?"

मी दुकानाच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. दारावरच्या घड्याळात दीड वाजला होता. आपल्याकडचे बारा. दाबत नाही, म्हटलं. त्यांनी वाकून माझ्या अंगठ्यापुढची जागा बोटाने चाचपली आणि जोड बांधायला सांगितलं.

संध्याकाळी सातला त्यांनी फोन मागितला. नेटवर्क नाही, मी म्हणाले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"नाडी काहून एवढी धावून राह्यली तुही?"

"उन्हात फिरलो ना."

त्यांनी पर्समधून पुडी काढून मला साखर-मिठाचं पाणी करून दिलं आणि ग्लास रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मंगळवारी मी फोनच बंद करून ठेवला.

बुधवारी नागपूर एअरपोर्टच्या बाहेर भाचा उभा होता. भर दुपारी डोक्यावर लोकरी टोपी. सिस्टरनी ट्रॉली सोडली, त्याच्यापाशी गेल्या आणि टोपी काढली. डोकं नुकतं भादरलेलं होतं.

"कधी?"

"सोमवारी, आत्या. पहाटे."

त्या माझ्याकडे वळल्या. "तुले कधी समजलं?"

"नाश्त्याच्या वेळी."

"म्हणजे दुकानात जायच्या आंधी."

"हो."

पेशंटचा ताप ऐकल्यासारखी त्यांनी मान हलवली. टोपी भाच्याच्या डोक्यावर नीट बसवली आणि जीपमध्ये पुढे जाऊन बसल्या. सामान आम्ही चढवलं.

यवतमाळचं घर त्यांनी पुढच्याच महिन्यात सोडलं. मी शाळेत असताना टेम्पो येऊन गेला. आता त्या केळापूरला वहिनीपाशी असतात. मी अजूनही सगळं पुन्हा मांडून बघते: तिकीट नव्हतं, वेळ नव्हता, त्या पोचल्या नसत्या. उत्तर दर वेळी तेच येतं. फक्त भावाला अग्नी दिला जात होता त्या वेळी त्यांना कुठेतरी भिंतीशी बसून रडता आलं असतं. ते यात कुठे धरायचं, मला कळत नाही.

तेरवीला मी गेले होते. मांडवात बायकांच्या पंगतीत बसले. सिस्टर स्वतः वाढत होत्या. त्यांच्या वहिनीने माझ्याकडे पाहून विचारलं, ह्या कोण?

"आमच्या कॉलनीतल्या मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "टूरवर सोबत होत्या."

मग माझ्या पानापाशी थांबल्या, पुरीवर पुरी ठेवली. मी हात आडवा केला.

"घ्या, मॅडम. लांबून आल्या तुम्ही," म्हणाल्या, आणि पुढच्या पानाकडे गेल्या.