मोहाखालचा पाला

हिंगणीच्या रानकडेचा तो मोह शकुबाईचा. कागदावर नाही, पण फागुनात ज्या घरानं झाडाखालचा पाला झाडून जाळला, त्या घराची त्या वर्षीची फुलं, असा गावाचा रिवाज. यंदा तो पाला तिच्या दिरानं, मंगरूनं जाळला. ती जिवंत असताना.

झालं असं, की शकुबाईच्या उजव्या फुप्फुसात सुपारीएवढी गाठ निघाली, कॅन्सरची. पुढच्या तपासणीला मोठ्या दवाखान्यात मंगरू सोबत होता. स्कॅनच्या पडद्यावर गाठ चमकली, आणि छातीच्या मधोमध आणखी एक ठिपका. तेवढं पाहून मंगरू गावात आला आणि सांगत सुटला, वयनी आता संपली.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. मधला ठिपका नसता तर त्या थेट ऑपरेशनच करणार होत्या. आता श्वासनळीतून दुर्बीण घालून, सुईनं तिथला नमुना काढायलाच हवा. तिथं कॅन्सर असेल तर फुप्फुस कापून उपयोग नाही. पण नुसत्या चमकण्यावरून ऑपरेशन नाकारताही येत नाही, कारण टीबीची जुनी गाठही तशीच चमकते.

लेक अंजू घाबरली. सुई नको म्हणाली. शकुबाईच्या नाकात जळक्या पाल्याचा वास होता.

"घालू दे सुई," ती म्हणाली. "मले मोह वेचाचा हाय."

आठ दिवसांनी निकाल आला. मधल्या गाठीत कॅन्सर नव्हता, टीबीच्या जुन्या खुणा होत्या. ऑपरेशनची तारीख मिळाली. टीबी कोणाकडून आला, हे तिला कोणी सांगायला नको होतं. बावीस वर्षांपूर्वी मंगरू रक्त थुंकायचा, बायको माहेरी निघून गेलेली, तेव्हा त्याची थुंकी शकुबाईच राखेत पुरायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती मोहाखाली गेली. मंगरू वेचत होता. ती दगडावर बसली. तो दचकला, मग मान खाली घालून वेचत राहिला. ऊन चढेपर्यंत तिनं त्याला वेचू दिलं. शेवटची टोपली भरली तेव्हा तिनं तोंड उघडलं.

"तो दुसरा ठिपका तुमच्या टीबीचाच निंगाला, भाऊजी. मी सांभाळून ठेवलाता."

मंगरूच्या हातातली फुलं हातातच राहिली.

"टोपल्या माह्या अंगणात ओता. मी ऑपरेशन करून येईस्तोवर रोज वेचजा."

त्यानं टोपली डोक्यावर घेतली. तिनं मुळाशी पडलेल्या एका फुलाकडे बोट केलं.

मंगरूनं टोपली उतरवली आणि वाकला.