मानेखालचा रंग

एका गिटारीपायी मी एका सरळ माणसाची नोकरी घालवायला निघालो होतो. ते प्रकरण मी विसरलेलो नाही आणि विसरायची इच्छाही नाही.

मोशीच्या बाजूला मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो. मोटारसायकल चोऱ्यांनी ठाणं नुसतं भरलेलं असायचं. एका सकाळी एक इंजिनिअर तक्रार घेऊन आला. त्याची लाल रंगाची जुनी इलेक्ट्रिक गिटार फ्लॅटच्या दारातून गेली होती. घरात रंगकाम काढल्यामुळे अर्धं सामान बाहेर पॅसेजमध्ये होतं. गिटार विकायची म्हणून त्याने मोबाईलवर जाहिरात टाकली होती. ती पाहून एक माणूस येऊन गेला, भाव जुळला नाही, आणि तीन दिवसांनी गिटार गायब.

"साहेब, तोच. दुसरं कोण नेणार? तारासुद्धा नव्हत्या तिला," फिर्यादी म्हणाला.

त्या माणसाचा नंबर त्याच्याकडे होताच. तो निघोजेत खोली करून राहत होता आणि जवळच्या एका कंपनीच्या पेंटशॉपमध्ये कंत्राटावर होता. मी तिथल्या खबऱ्याला कामाला लावलं. दुपारी त्याचा फोन आला : "साहेब, याच्या खोलीत काळी गिटार वाळत टांगलीय. रंग अजून ओला हाय."

मला एवढं पुरे होतं. चोरीची गाडी रंग बदलून फिरवतात, तशीच गिटारही. निघोजे दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत, म्हणून तिथे रीतसर कळवलं, स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि गेलो.

खोली दहा बाय दहाची. भिंतीला पाच गिटारी, सगळ्या सुट्या केलेल्या. पॉलिश पेपरचे तुकडे नंबराप्रमाणे लावलेले, स्प्रेचे डबे रांगेत, दाराला ओलं फडकं लावलेलं, धूळ येऊ नये म्हणून. माणूस तिशीचा, लातूरकडचा. भंगारातल्या स्वस्त गिटारी आणायच्या, घासायच्या, रंगवायच्या, वाजत्या करायच्या आणि कॉलेजच्या पोरांना विकायच्या, हा त्याचा सुट्टीचा उद्योग. चोराची खोली इतकी नीटनेटकी नसते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. नाही खटकलं.

काळी गिटार जप्त केली आणि त्याला ठाण्यात आणलं. आणल्या आणल्या मी त्याच्या कंत्राटदाराला फोन केला की तुमचा माणूस चोरीच्या चौकशीत आहे. असा फोन गेला की माणूस ढिला पडतो आणि लवकर बोलतो, हा माझा अनुभव होता. मला त्याचा अभिमानही होता.

फोन ऐकून तो बाकावरून उठलाच.

"साहेब, याच आठवड्यात पर्मनंटची यादी लागायलीय. सात वर्षं झाली मला. बायको-लेकरं गावाकडंच ठेवलीत त्याच्यासाठी."

"मग चोरी कशाला केलीस?"

"नाही केली, साहेब. मी खरं सांगायलोय. त्या गिटारीची मान खोला."

"काय खोला?"

"मान. तारा लावतात तो लांब दांडा. मागं चार स्क्रू आहेत. मान जिथं बसती तिथं मी रंग मारत नाही. कंपनीत पण पार्ट जिथं पार्टावर बसतो तिथं टेप लावून झाकतो. थर चढला तर मान उचलती आणि वाजत नाही. तिथं आधीचा रंग असतो तसाच राहतो."

हे मला लगेच पटलं, कारण माझंही गणित तेच होतं. चोरीची मोटारसायकल कितीही रंगवलेली असो, मी टाकीखाली आणि सीटखाली बघायचो. मूळ रंग तिथे सापडतोच. हवालदाराने स्क्रूड्रायव्हर आणला. पंचांसमोर मान काढली. खाली पिवळा रंग निघाला, अगदी हळदीसारखा. लालचा ठिपकाही नाही. ओळख पटवायला बोलावलेला फिर्यादी समोर उभा होता.

"ही माझी नाही," तो हळूच म्हणाला.

"मग तुझी कुठे आहे?" मी चिडून विचारलं. उत्तर त्या लातूरकराने दिलं.

"साहेब, बिनतारांची गिटार भंगारात जाती. आपण बघू तरी."

मोशीत त्याच्या ओळखीचा भंगारवाला होता, जुन्या गावातला. आम्हाला बघून तो आधी घाबरला. मग आतून लाल गिटार घेऊन आला.

"व्हय साहेब, हाय की. त्या सोसायटीतल्या मावशींनी दिली. म्हणल्या, अडगळ हाय, घेऊन जा. आमी ह्यांच्यासाठीच बाजूला ठिवली व्हती. रविवारी येत्यातच ते."

आम्ही तसेच फिर्यादीच्या घरी गेलो. त्याच्या आई दारातच रडायला लागल्या.

"हाच तर म्हणाला होता त्या दिवशी," त्यांनी लातूरकराकडे बोट केलं. "मी स्वयंपाकघरातून ऐकलं. हिच्यात काही राम नाही, भंगार आहे नुसतं. मला वाटलं, जाणकार माणूस सांगतोय. देऊन टाकली. मग पोराने पोलिसात तक्रार केली, म्हटलं आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"मावशी, ते भाव पाडायला म्हणलं होतं मी," तो म्हणाला. "अशी चांगली गिटार भंगारात कोण देतं?" हवालदार हसला. मला हसू येईना.

रविवारी ती गिटार कायदेशीर मार्गाने त्याच्याच खोलीत पोचणार होती. मी आठवडाभर उशिरा छापा घातला असता, तर नव्याने रंगवलेल्या तिच्या मानेखाली लाल रंग मिळाला असता आणि मी त्याचं एक अक्षर ऐकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्दीत कंपनीच्या गेटवर गेलो. त्याच्यावर गुन्हा नाही, संशय नाही, असं ठाण्याच्या पत्रावर लिहून दिलं आणि अधिकाऱ्यापुढे तासभर बसलो. अधिकारी भला होता, पण यादी आदल्या संध्याकाळीच लागली होती. कंत्राटदाराने माझा फोन वर कळवला होता आणि त्यात याचं नाव नव्हतं. पुढच्या यादीत आला, सहा महिन्यांनी. तेवढे महिने त्याची लेकरं गावाकडेच राहिली.

माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी हे सांगितलं. तो विचारायचा, साहेब, तुमचं चुकलं कुठे? संशय तर बरोबर होता. मी म्हणायचो, संशयात चूक नव्हती. ते चार स्क्रू काढायला दोन मिनिटं लागली. फोन मी त्याच्या आधी केला होता.