टपावरच्या दोन थापा

बंदेनवाजच्या जीपमध्ये हॉर्नपेक्षा टपाला काम जास्त होतं. आत माणसं कोंबून झाली की उरलेली गडीमाणसं टपावर चढायची, आणि चाकामागं बसलेल्या बंदेनवाजशी त्यांचं बोलणं पत्र्यावरच्या थापांनी चालायचं. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या बापाच्या मेटाडोरवरही असंच चालायचं.

अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या त्या गावात एस्टी दिवसातून एकदा यायची, तीही मनात आलं तर. बाकी गाव वडापवर, म्हणजे भाड्याच्या खासगी जीपांवर जगायचं. वडापच्या जीपा दोनच, एक बंदेनवाजची आणि एक हिंदुरावची.

गावातल्या निंगव्वाचा थोरला मुलगा कुंडलिक सोलापुरात, नवी पेठेतल्या साड्यांच्या दुकानात कामाला होता. रोज सकाळी जीपनं अक्कलकोट, तिथून पुढं एस्टी. पांढरा शर्ट, चापून बसवलेला भांग. टपावर बसलं की धुळीनं भरलेलं तोंड घेऊन गिऱ्हाइकापुढं उभं राहावं लागे, म्हणून तो लवकर येऊन आतली जागा धरायचा. पण एखादी बाई दारात उभी दिसली की उठायचाच.

"बसा मावशी."

"कुंडल्या, आज पावडर गेली की रे वाऱ्यावर!" मागून कुणीतरी ओरडायचं.

"जाऊ दे की. तुज्यासारका काळा तर न्हाय होत," म्हणत तो वर चढायचा.

वर गेला की सगळ्यांच्या पुढं, पण पाठ फिरवून बसायचा. वारा आणि धूळ पाठीवर, तोंड मागच्या मंडळींकडं. त्यांच्याशी गप्पा मारत त्याचा रस्ता सरायचा.

मागच्या साली जत्रा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. मंडपाच्या दिव्यांची वायर रस्त्यावरून आडवी नेली होती, ती कुणी उतरवलीच नव्हती. वाऱ्यानं खाली लोंबत होती. वळणावर बंदेनवाजनं गाडी सावकाश केली. वर मागं बसलेल्यांनी "वाका, वाका" म्हणून ओरडा केला म्हणतात. इंजिनच्या आवाजात त्याला तो आला नाही. त्याला आल्या त्या दोन थापा. धाडकन एक, आणि लगेच दुसरी.

"चला म्हणत्यात," शेजारी बसलेल्याला तो म्हणाला, आणि गिअर टाकून त्यानं गाडी पळवली.

पहिली थाप कुंडलिकच्या खांद्याची होती, दुसरी डोक्याची. वायरीनं तो टपावरच आडवा झाला होता आणि मागच्यानं त्याला शर्टाला धरलं होतं. गाडीनं हिसका घेतला तसा शर्ट फाटला, बाही मागच्याच्या हातात राहिली आणि कुंडलिक रस्त्यावर आला. सोलापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पोलीस झाले, पंचनामा झाला, जीप पुष्कळ दिवस ठाण्याच्या आवारात उभी राहिली. निंगव्वा मात्र बंदेनवाजला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. वाटेत दिसली की तो मान खाली घालायचा. ती नेहमीसारखी, धाकट्या भावाला विचारावं तशी, "जेवलास का तम्मा?" विचारायची, आणि त्याला घरापर्यंतचा रस्ता लांब व्हायचा.

जीप सुटली त्या दिवशी त्यानं पाना घेतला, टपावरचं लोखंडी कॅरियर खोललं आणि परसात कोंबड्यांच्या खुराड्यावर नेऊन टाकलं.

"माज्या गाडीच्या टपावर आता कुणी बसायचं न्हाय," त्यानं स्टँडवर सांगितलं.

पहिले आठ-पंधरा दिवस लोक म्हणाले, मामूनं बरं केलं. मग म्हणायला लागले, "मामू, तुज्या नियमानं एस्टी वाढती व्हय?" गडीमाणसं हिंदुरावच्या टपावर चढू लागली. त्यांच्या बायकाही मग नवऱ्याबरोबर हिंदुरावच्याच जीपमध्ये बसू लागल्या. हिंदुरावच्या टपावर माणसं इतकी, की लांबून पत्रा दिसायचा नाही. बंदेनवाजची जीप त्याच्या मागून अर्धी रिकामी जायची. समोर वर बसलेल्यांची हेंदकाळणारी डोकी दिसायची, आणि प्रत्येक झाडाखाली त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

"उने मर गया सो तुम भी मरते क्या जी?" त्याची बायको बिबीजान म्हणायची. "लोगां चढना छोडे क्या? गाडी बदले, बस."

तिचं खरं होतं.

यंदा अमावास्येला एस्टी आलीच नाही. देवदर्शनाची गर्दी. हिंदुरावची जीप खालीवर भरून केव्हाच गेली होती. बंदेनवाजची भरली, तेवढ्यात सुनेला बसवून द्यायला निंगव्वा आली. मागं कुंडलिकची बायको अक्षता, तिच्या खांद्यावर तापानं मान टाकलेली पोरगी. आत निंगव्वाचा धाकटा, अजिंक्य, आधीच बसला होता. अक्कलकोटात एका गॅरेजवर तो नव्यानं लागला होता.

"लेकराला दवाखान्यात न्यायचं हाय," बंदेनवाज मागं वळून म्हणाला. "उतरा की कुणीतरी."

"आमी काय पिकनिकला चाललोय व्हय मामू?"

"एवढा कळवळा हाय तर तूच उतर की. आमी चालवतो."

हशा झाला. अजिंक्य उठला.

"वैनी, बस हितं. मी जातो वर."

"वर न्हाय!" बंदेनवाज ओरडला. "वर कॅरियर न्हाय पोरा, धरायला काय न्हाय. मागनं ये."

"मागनं कशानं येऊ मामू? चार दिस झाल्यात कामाला लागून. उशीर झाला की मालक घरी पाठवतंय."

बंदेनवाजनं निंगव्वाकडं पाहिलं. ती नको म्हणेल, तिनं म्हटलं की आपण चावी काढून घ्यायची, असं त्यानं मनाशी धरलं. निंगव्वा सुनेच्या खांद्यावरच्या नातीकडं बघत होती. मग तिनं वर पाहिलं.

"जा," ती लेकाला म्हणाली. "पाठ करून बसू नगंस. पुडं तोंड करून बस."

पत्रा दबल्याचा आवाज आला. मग थापा आल्या, दोन.

बंदेनवाजचा हात गिअरवरच राहिला. आतले ओरडले, "चला म्हणतंय की मामू!" पोरगी कण्हली. त्यानं गाडी सोडली ती बैलगाडीच्या चालीनं. मागचे शिव्या घालत होते. त्याचा कान वरच्या पत्र्याला लागला होता. अक्कलकोट येईपर्यंत वर पुन्हा काही वाजलं नाही. अजिंक्य उडी मारून उतरला. पालथ्या हातानं तोंड पुसत म्हणाला, "मामू, धरायला तरी कायतर पायजे बगा वर."

संध्याकाळी बंदेनवाजनं खुराड्यावरून कॅरियर उचललं. कोंबड्या फडफडत बाहेर पळाल्या. कॅरियरला गंज चढला होता, दोन बोल्ट हरवले होते. बिबीजाननं डब्यातून दुसरे शोधून दिले आणि तो ते आवळत होता तोवर कॅरियरची दांडी धरून उभी राहिली. आवळून झाल्यावर त्यानं दांडी धरून हिसका दिला. जीप सगळी हलली, कॅरियर हललं नाही.

सकाळी तो स्टँडवर आला आणि त्यानं चावी फिरवायच्या आत वर माणसं चढलेली होती.